वाचकांचे प्रश्न : शेतातलं नत्र, विहिरीतला चुना आणि अरबी समुद्र

मागच्या अंकात अरबी समुद्रात मूलद्रव्यं कशी फिरतात यावर लेख होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

माझी केळी तापीकाठी आहे, खत ठिबकातून देतो. आपण टाकलेला युरिया समुद्रात जाऊन तिथला प्राणवायू संपवतो, असं वाचलं. हे कितपत खरं? आणि आम्ही करायचं काय?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

काही भाग जातो, पण युरिया म्हणून नाही, आणि वाटेत त्याचं बरंच काही होतं.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. जमिनीतल्या युरिएज या विकरामुळे काही दिवसांतच त्याचं अमोनियम होतं. अमोनियमवर धन भार असल्याने काळ्या मातीचे कण त्याला धरून ठेवतात. पण आपल्याकडच्या उबदार जमिनीत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला माती धरत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जातं. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र धरलं आणि लागवड दीड बाय दीड मीटरवर असली, तर हेक्टरी ४,४४४ झाडांना जवळपास ८८९ किलो नत्र लागतं. त्यातलं दहा टक्के जरी मुळांखाली गेलं, तरी चार गोण्यांहून जास्त युरिया वाया गेला.

हे नायट्रेट आधी तुमच्या विहिरीत येतं, मग नाल्यातून तापीत. हतनूर, प्रकाशा, उकाई अशा अडवलेल्या पाण्यात काही नत्र शेवाळ उचलतं. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. उरलेलं सुरतेजवळ खंबातच्या आखातात पोचतं. तिथे भरती-ओहोटी इतकी जोरदार असते की पाणी कायम गढूळ राहतं, उजेड खोल जात नाही. खत हजर असूनही वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, तिथे फारशी फोफावत नाही. ती वाढते पुढे, पाणी निवळल्यावर.

अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरच्याही खाली प्राणवायू जवळजवळ नसलेला एक जाड थर आहे, पण त्याचं मूळ कारण युरिया नाही. तो थर खतांच्या कारखान्यांहून फार जुना आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोलचं, नायट्रेटने भरलेलं पाणी वर ओढतात. त्यावर प्रचंड प्लवक वाढतं, मरतं, खाली जातं आणि कुजताना प्राणवायू खातं. उत्तरेला जमीन असल्यामुळे तिकडून थंड, ताजं पाणी आत येत नाही. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. त्यातून नायट्रोजन वायू सुटतो आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. खुल्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर चालणारे तीनच पट्टे जगात आहेत. दोन पूर्व पॅसिफिकमध्ये आहेत, तिसरा आपल्या शेजारी.

शेतातून गेलेल्या नत्राचा परिणाम उथळ किनारपट्टीवर जास्त होतो. पावसाळा सरताना पश्चिम किनाऱ्यावर प्राणवायू कमी असलेलं पाणी खालून वर सरकतं आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचं हलकं झाकण बसतं. हवा खाली पोचत नाही. आधी प्राणवायू संपतो, मग नायट्रेट, त्यानंतर सल्फेट वापरणारे जिवाणू जोर धरतात आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड येतो. या पट्ट्यातून नायट्रस ऑक्साइड किती मोठ्या प्रमाणात सुटतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं. जमिनीवरून येणारं जास्तीचं नत्र ही साखळी आणखी ताणतं.

आता शेतातलं. ठिबक दोन तास चालवणार असाल तर पहिला तास-सव्वा तास साधं पाणी द्या, मग अर्धा तास खत, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं नळ्या धुवायला पुन्हा साधं पाणी. व्हेंच्युरी (ठिबकाच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) सुरुवातीलाच उघडली आणि मागून दीड तास पाणी चालू राहिलं, तर युरिया थेट खाली जातो, कारण विरघळलेला युरिया मातीला चिकटत नाही. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. खताचे हप्ते लहान ठेवा, आठवड्याला एक. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर तो हप्ता पुढे ढकला.

विहिरीचं पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पट्टीने तपासताना एक चूक हमखास होते. काही पट्ट्या नायट्रेट दाखवतात, काही फक्त त्यातलं नत्र. पट्टी नत्र दाखवत असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणा. पट्टीवरचा १० हा आकडा म्हणजे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट, अगदी मर्यादेला टेकलेलं पाणी. विहिरीत ५० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर दर दहा लाख लिटर पाण्याबरोबर ११ किलो नत्र आपोआप शेतात येतं. म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त युरिया. तो हिशेबातून वजा करा. समुद्राचं भलं होईलच, त्याआधी तुमच्या घरच्या पिण्याच्या पाण्याचं होईल.

"आपण घेतो त्या दर दोन श्वासांतला एक समुद्राने दिलेला" असं विद्यार्थ्यांना शिकवतो. हे बरोबर आहे का?
— शिक्षिका, चोपडा

अर्धंच. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून दर वर्षी जितका प्राणवायू तयार होतो, त्यातला साधारण निम्मा समुद्रातलं प्लवक करतं, हे खरं. पण समुद्रातले जिवाणू, प्राणी आणि स्वतः प्लवक तो जवळजवळ सगळा तिथेच वापरून टाकतात. जमिनीवरच्या जंगलांचंही तसंच. हवेतला २०.९ टक्के प्राणवायू हा कोट्यवधी वर्षांचा साठा आहे. प्लवकाचा अगदी थोडा अंश कुजण्याआधी गाळात पुरला जातो, तेवढ्यापुरता प्राणवायू शिल्लक राहतो. त्या शिलकीतून हा साठा झाला.

म्हणून उद्या प्लवक नाहीसं झालं तर माणसं गुदमरणार नाहीत. मासे मात्र उपाशी मरतील, आणि प्लवक कार्बन खोल नेतं ते थांबेल. मुलांना त्याऐवजी हे सांगा : २८ अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ५ अंशाच्या पाण्यात १० मिलिग्रॅम. समुद्र तापला की त्याची प्राणवायू धरण्याची ताकद कमी होते. खरी काळजी ही आहे, आणि हे आकडे मुलं स्वतः आलेखावर मांडू शकतात.

आमच्या बोअरच्या पाण्याने हीटरवर, पातेल्यात पांढरा थर बसतो. हेच पाणी नदीतून समुद्रात जातं, मग समुद्रात चुन्याऐवजी मीठ कसं?
— गृहिणी, धुळे

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. तुमच्या भांड्यावरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि आपल्या काळ्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका विरघळवतं. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. पाणी तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो.

नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त, सोडियम आणि क्लोराइड कमी. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम जेमतेम ०.४. असं उलटं होतं, कारण सोडियम-क्लोराइडला गिऱ्हाईक नाही. आलेलं सोडियम कोट्यवधी वर्षं पाण्यात साचत राहतं. कॅल्शियम मात्र दहा लाख वर्षांच्या आसपास बाहेर काढलं जातं, कारण शिंपले, प्रवाळ, फोरामिनिफेरा हे कवचवाले एकपेशी जीव आणि कॉकोलिथोफोर नावाचं अतिसूक्ष्म प्लवक त्याचे सांगाडे बनवतात.

हे सांगाडे तळाकडे पडतात, पण सगळीकडे साठत नाहीत. चार-पाच किलोमीटर खोलीच्या पुढे पाणी थंड, दाब प्रचंड आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे ते परत विरघळतात. वरच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मावेल त्याच्या कितीतरी पट असतं, तरी तुमच्या हीटरसारखा थर आपोआप बसत नाही. मॅग्नेशियम स्फटिकाची सुरुवातच होऊ देत नाही. म्हणून ते काम सजीवांनाच करावं लागतं.

यातला कार्बनचा हिशेब बारकाईने पाहा. कॅल्शियमचा एक कण खडकातून सोडवताना कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू हवेतून खर्च होतात. समुद्रात त्याचा शिंपला झाला की एक शिंपल्यात अडकतो, दुसरा परत सुटतो. शिंपला तयार होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे अनेकांना पटत नाही, पण रसायन तसंच आहे. फायदा खडक झिजण्यात आहे. आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, लवकर झिजणारा असल्याने हे काम तो जोमाने करतो.

त्याच पाण्यातून सिलिकाही जाते. जळगाव परिसरातल्या दगडखाणींत पोकळ्यांमधून स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक निघतात, ते याच विरघळलेल्या सिलिकेपासून झालेले. समुद्रात डायटम या प्लवकाला काचेसारखं कवच बनवायला ती लागते. पुढच्या उत्तरात ती पुन्हा येईल.

केळी-लिंबू पिवळे पडले की आम्ही हिराकस मारतो. समुद्रातही लोह टाकलं तर प्लवक वाढून हवेतला कार्बन कमी होईल, असं म्हणतात. मग टाकत का नाहीत?
— कृषी पदवीचा विद्यार्थी, अमळनेर

तुलना तुम्हाला वाटते त्याहून जास्त खरी आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८ च्या पुढे गेला की ते गंजाच्या रूपात बसून राहतं, मुळांना मिळत नाही. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. समुद्राचा सामूही ८.१ च्या आसपास आहे आणि तिथेही लोहाचं नेमकं हेच होतं. पृष्ठभागाजवळच्या पाण्यातून एक ग्रॅम विरघळलेलं लोह मिळवायला बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस हजार घनमीटर पाणी लागेल, दक्षिण महासागरात त्याहूनही जास्त. जे विरघळलेलं राहतं ते जवळजवळ सगळं सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. तुम्ही वापरता त्या चिलेटेड लोहाचं हे नैसर्गिक रूप. ईडीटीए चिलेट चुनखडीच्या जमिनीत सोडलं तर लोह सोडून कॅल्शियम धरतं आणि पैसे वाया जातात, तिथे ईडीडीएचए हे दुसरं चिलेट लागतं. तेही याच रसायनामुळे.

प्लवकाच्या शरीरात कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण अणूंच्या संख्येत सरासरी १०६ : १६ : १ असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी ते दाखवलं. यातलं जे कमी पडेल त्यावर वाढ अडते. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद भरपूर, पण वाढ बेताची. तिथे लोह कमी पडतं, हे अमेरिकेच्याच जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं आणि पुढे जहाजांवरून केलेल्या प्रयोगांत ते सिद्ध झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २००९ साली भारत आणि जर्मनीने मिळून दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. भारताकडून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात हिराकसच, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून सोडलं. प्लवक वाढलं, पण डायटम वाढले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपलेली होती. जे वाढलं ते बिनकवचाचं, मऊ. प्राणी प्लवकाने ते चरून टाकलं, श्वासोच्छ्वासातून कार्बन वरच्याच थरात परत सुटला, खोल गेला तो अगदी थोडा.

एका मूलद्रव्याची उणीव भरली की दुसऱ्याची उघडी पडते. जस्त कमी असलेल्या शेतात नुसतं हिराकस टाकून पीक सुधारत नाही, तसंच हे. शिवाय जास्त प्लवक खाली कुजलं तर तिथला प्राणवायू कमी होऊन नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. एका ठिकाणी नत्र-स्फुरद वापरलं गेलं की प्रवाहाच्या पुढच्या समुद्राला ते कमी मिळतं. २००८ मध्ये, समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी वैज्ञानिक संशोधनापुरतीच अशा प्रयोगांना मुभा ठेवली. तो निर्णय योग्यच होता असं आमचं मत आहे. शेतात चूक झाली तर पुढच्या हंगामात दुरुस्त होते, समुद्राच्या बाबतीत ती सोय नाही.

सुपर फॉस्फेट समुद्रातून येतं, असं एका शेतकऱ्याने सांगितलं. खरं का?
— कृषी सेवा केंद्रचालक, पारोळा

खरं आहे. सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के स्फुरद) रॉक फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून होतं. आपण मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून आणतो तो दगड प्राचीन समुद्राच्या तळावर साठलेला आहे. मोरोक्कोच्या खाणींत त्यात शार्कचे दात सापडतात. उदयपूरजवळच्या झामरकोट्राचा दगड फारच जुना, उथळ समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या थरांशी जोडलेला.

नत्र वायू होऊन हवेतून परत येऊ शकतं. स्फुरदाला ती वाट नाही. समुद्रात गेलेलं स्फुरद तळाला बसतं आणि तो तळ जमीन होऊन वर येईपर्यंत कोट्यवधी वर्षं परतत नाही. म्हणून गिऱ्हाइकांना सांगा : चुनखडीच्या जमिनीत हे खत वरवर पसरून देऊ नका, बियाण्याच्या ओळीखाली दोन इंचांवर पेरून द्या. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर वाहतं, त्यामुळे बांध-बंदिस्ती हीच त्याची राखण. धरणातला गाळ शेतात आणता तेव्हा त्यातून थोडं स्फुरद परत येतं.

विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्राच्या आम्लीकरणाचा प्रयोग करायचा आहे. समुद्राचं पाणी मिळत नाही. कसा करू?
— इयत्ता नववी, शहादा

घरी बनव. नुसतं मिठाचं पाणी चालणार नाही, बहुतेक जण तिथेच फसतात. समुद्राच्या पाण्याचा सामू टिकवून धरतं ते बायकार्बोनेट.

दोन ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळव. या द्रावणाचे १०० मिलिलिटर घे, त्यात ३५ ग्रॅम मीठ टाक आणि डिस्टिल्ड पाणी घालून एकूण एक लिटर कर. सोडा झाला ०.२ ग्रॅम, समुद्रातल्या बायकार्बोनेटच्या प्रमाणाजवळ. इतका कमी सोडा थेट मोजायला शाळेतला तराजू पुरत नाही, म्हणून हा वळसा. पाकिटातल्या मिठाने पाणी धूसर दिसलं तर गाळण कागदातून गाळ.

तीन पेले घे. पहिल्यात डिस्टिल्ड पाणी आणि नुसतं मीठ, दुसऱ्यात वर केलेलं पाणी, तिसऱ्यात गावच्या बोअरचं. प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे (आम्ल पाण्यात पिवळं, अल्क पाण्यात निळं होणारं सूचक) पाच-सहा थेंब. स्ट्रॉने एक-एक मिनिट हळू फुंक. पाणी तोंडात ओढू नकोस आणि डोळ्यांवर चष्मा ठेव.

पहिला पेला बहुधा सुरुवातीलाच पिवळा असेल, कारण डिस्टिल्ड पाण्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच घेतलेला असतो आणि त्याला अडवायला काही नसतं. दुसरा निळ्यावरून हिरवट पिवळा होईल. तिसरा बहुतेक हिरव्यावरच थांबेल, आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट समुद्राहून जास्त असतं. मग तिन्हींत माशांच्या टाकीचा छोटा हवापंप तासभर चालव. दुसरा आणि तिसरा परत निळे होतील, पहिला पिवळाच राहील. समुद्र आणि हवा यांच्यात वायूची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, हे परीक्षकांना इथे दाखव.

रंग बदलतच नसेल तर सोडा तपास. धुण्याचा सोडा घेतला असेल तर सामू १० च्या पुढे जातो आणि रंग बदलायला बराच जास्त वेळ फुंकावं लागतं. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, तीही नको. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणत असशील तर सीलबंद डबा डिस्टिल्ड पाण्याचाच आहे, आम्लाचा नाही, हे मोठ्या माणसाकडून वाचून घे.

तक्त्यावर एक गोष्ट स्पष्ट लिही. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, हवेतल्या प्रमाणाच्या जवळपास शंभर पट. म्हणून पेल्यात झालेला बदल समुद्राहून फार मोठा दिसतो. प्रत्यक्षात औद्योगिक काळापासून समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. आकडा लहान दिसतो, पण सामूची मोजपट्टी लॉगच्या हिशेबाची (एक अंक उतरला की हायड्रोजन आयन दहा पट) असल्याने हायड्रोजन आयन जवळजवळ पाव पटीने वाढले. शिंपला व्हिनेगरमध्ये विरघळवून दाखवू नकोस. व्हिनेगरचा सामू अडीच-तीनच्या आसपास असतो, समुद्र तितका आम्ल कधीच होणार नाही. तिथे अडचण वेगळी आहे : सामू उतरला की पाण्यातले कार्बोनेट आयन कमी होतात आणि शिंपल्याला कवच बांधायला जास्त शक्ती खर्चावी लागते. परीक्षक बहुतेक हेच विचारतील.